वाचकांचे प्रश्न: दानीएलला वाचवलं, मग माझ्या आजीला का नाही?

सुट्ट्या लागल्या, बाहेर ऊन मी म्हणतंय, पोरं घरात आणि मोबाईल पोरांच्या हातात, त्यामुळं या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, बायबलच्या गोष्टींची कार्टून. मी सोलापुरात सव्वीस वर्षं संडे स्कूल घेते, सुरुवातीची कित्येक वर्षं फ्लॅनेलच्या कापडावर चित्रं चिकटवून गोष्ट सांगायचे, आणि आता मी नोहा म्हणायच्या आत पोरं पुढची गोष्ट पूर्ण करतात कारण त्यांनी ती आधीच यूट्यूबवर बघितलेली असते. म्हणून ही पत्रं वाचताना मला खूप जवळचं वाटलं. त्यातली पाच इथं घेतलीत.

प्रश्न : मावशी, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. सिंहांच्या गुहेतल्या दानीएलचं कार्टून तिनं पंचवीस वेळा तरी बघितलं असेल. माझ्या सासूबाई दोन महिन्यांपूर्वी वारल्या, त्यांच्यासाठी ती रोज प्रार्थना करायची. आता ती विचारते, दानीएलनं प्रार्थना केली तर देवानं सिंहांचं तोंड बंद केलं, मग मी केली तर आजी का गेली, माझी प्रार्थना चुकली का? मला उत्तर देता आलं नाही, मी तिला गप्प बस म्हटलं आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. (एक आई, अशोक चौक)

अगं बाई, आधी हे ऐक, तुझ्या लेकीनं चुकीचं काही विचारलेलं नाही. बायबलमधल्या मोठमोठ्या माणसांनी देवाला हाच प्रश्न विचारलाय. आणि तिची प्रार्थना चुकली नाही हे तिला आज संध्याकाळीच सांग, थांबू नको, कारण सहा वर्षांचं लेकरू असली गोष्ट मनात धरून बसतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता कार्टूनचं बोलते. दहा-पंधरा मिनिटांत गोष्ट संपवायची असते, शेवटी गाणं असतं, म्हणून ते दानीएलची गोष्ट अशी सांगतात की प्रार्थना केली, सिंह गप्प झाले, संपलं. लेकराच्या डोक्यात बसतं की प्रार्थना म्हणजे बटण आहे. पण तेच दानीएलाचं पुस्तक तीन अध्याय मागं जाऊन उघड. तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीसमोर उभे आहेत आणि ते राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" कार्टूनमध्ये एका सेकंदात निघून जातं, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकाचा जीव तिथं आहे. अजून एक सांगते, बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय, त्यात विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि त्याच दमात, दोन-चार वचनांनंतर, विश्वास असूनही ज्यांना दगडमार झाला, जे तलवारीनं मारले गेले, त्यांचाही आहे. दोन्ही एकाच यादीत. देवानं त्यांना वेगळं काढलं नाही.

हे सगळं सहा वर्षांच्या पोरीला सांगायचं नाही, हे तुझ्यासाठी आहे. तिला वेगळं सांग. कार्टूनमध्ये दानीएल कसा दिसतो, काळे केस, तरणाबांड, बरोबर? खरं तर बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, कैद करून नेला तेव्हा तो कोवळा पोरगा होता, इसवी सनापूर्वी ६०५ च्या सुमाराला, आणि सिंहांची गुहा ही बाबेल पडल्यानंतरची, म्हणजे इसवी सनापूर्वी ५३९ नंतरची गोष्ट. हिशोब कर की, ऐंशीच्या घरातला म्हातारा होता तो! तिला सांग, दानीएल आजीएवढा होता गं, पांढऱ्या केसांचा, आणि सिंहांच्या गुहेतून बाहेर आला तरी पुढं तोही एक दिवस गेला, आणि देवानं त्याला सांगितलं होतं की तू आता विसावा घेशील आणि शेवटी उठशील. ते दानीएलाच्या पुस्तकाचं अगदी शेवटचं वचन आहे, तिच्यासमोर बायबल उघडून बोट ठेवून वाच.

आणि तू पत्रात लिहिलंयस की सासूबाई दारात बसून सुपात विड्या वळायच्या आणि ही शेजारी बसून पानं मोजायची. ते सूप घरात असेल तर माळ्यावर टाकू नको. ते काढ, मांडीवर घेऊन बस, तिलाही बसव आणि आजीबद्दल तिला काय काय आठवतं ते सांगू दे, रडली तर रडू दे, तूही तिच्यासमोर रडलीस तर काही बिघडत नाही. स्वयंपाकघरात एकटी नको रडू.

प्रश्न : नमस्कार ताई. माझा नातू पुण्याहून सुट्टीला आलाय. तो इंग्रजीत एक कार्टून बघतो ज्यात टोमॅटो आणि काकडी बायबलच्या गोष्टी सांगतात. आमच्या काळी पवित्र शास्त्र डोक्याला लावून उघडायचे. हा शास्त्राचा अपमान नाही का? (निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स)

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न मला थेट आवडला, कारण मी स्वतः पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मलाही धक्का बसला होता. त्याचं नाव व्हेजीटेल्स, अमेरिकेत १९९३ मध्ये फिल व्हिशर आणि माइक नॅवरॉकी या दोघांनी सुरू केलं. भाज्याच का, तर त्या वेळच्या कॉम्प्युटरला हात, पाय, केस, कपडे हलवून दाखवणं फार जड जायचं, मग ज्याला यातलं काहीच नाही असं पात्र पाहिजे होतं. व्हिशर यांनी आधी चॉकलेट बार काढलं होतं, त्यांच्या पत्नी म्हणाल्या की पोरं चॉकलेटवर जीव टाकायला लागली तर आया वैतागतील, म्हणून मग काकडी. थट्टा करायचा हेतू नव्हता हो त्यात. आणि त्यांनी एक नियम पाळला की येशूला भाजीच्या रूपात दाखवायचं नाही. भाज्या या नाटकातल्या नटांसारख्या गोष्ट करून दाखवतात एवढंच. त्यामुळं अपमानाचं मला वाटत नाही.

मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती खुद्द व्हिशर यांनीच बोलून दाखवलीय. कंपनी मोठी झाली, २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि पुढं २०११ मध्ये एका मुलाखतीत ते म्हणाले, त्याचा आशय असा की आपण दहा वर्षं मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला शिकवत होतो, ख्रिस्ती विश्वास शिकवतच नव्हतो. म्हणजे खोटं बोलू नका, वाटून खा, माफ करा. हे सगळं चांगलंच आहे, पण एवढ्यासाठी येशूनं वधस्तंभावर जायची गरज नव्हती. इतकं यश मिळाल्यावर असं उघड बोलायला मोठं मन लागतं, मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे. दिवाळखोरीनंतर, २०१० पासून, त्यांनी बाहुल्या घेऊन उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत अख्खं बायबल समजावणारी मालिका केली, ती नातवाला दाखवता आली तर जरूर दाखवा.

एक उदाहरण देते म्हणजे माझं म्हणणं कळेल. दावीद राजानं दुसऱ्याच्या बायकोसाठी, बथशेबासाठी, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवलं, ही गोष्ट लहान मुलांना कशी सांगायची? व्हेजीटेल्सनं २००० साली ती अशी केली की एका राजाकडं कपाटभर रबरी बदकं आहेत आणि तरी त्याला एका गरीब पोराचं एकुलतं एक बदक पाहिजे. हुशारीनं केलंय, आणि पाच वर्षांच्या लेकरासाठी तेवढं बास आहे. पण पोरगं बारा वर्षांचं झालं तरी त्याच्या डोक्यात बदकच राहिलं तर मग त्याला कळणारच नाही की तिथं एका माणसाचा खून झाला होता आणि करणारा देवाचा लाडका राजा होता. तुम्ही शिक्षक होता काका, तुम्हाला मी काय सांगणार, पण बायबलमधल्या दुसरं शमुवेल या पुस्तकाचा बारावा अध्याय नातवाला मोठ्यानं वाचून दाखवा. नाथान संदेष्टा राजाकडं जातो तो उपदेश करायला नाही, तो गोष्टच सांगतो, श्रीमंताची आणि गरिबाच्या एका मेंढीची. राजा चिडतो, म्हणतो त्या माणसाला जगू देऊ नये, आणि मग नाथान म्हणतो तो माणूस तूच. आधी तात्पर्य सांगितलं असतं तर दावीद चिडलाच नसता. आपण लहानपणी इसापनीती वाचली, खाली जाड अक्षरात तात्पर्य असायचं आणि परीक्षेला तेवढंच पाठ करून जायचो. ती सवय आपल्याला लागलीय, आणि तीच आपण बायबलच्या गोष्टींना लावतो.

प्रश्न : आम्ही ख्रिश्चन नाही, घरी सिद्धेश्वर महाराजांची भक्ती आहे. शेजारच्या मैत्रिणीकडं माझी आठ वर्षांची मुलगी येशूच्या गोष्टींची कार्टून बघते. परवा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तिनं जेवताना सगळ्यांना सांगितली, मला खरंच आवडली, पण सासरे म्हणाले बंद करा. शेजारीण माझी चांगली मैत्रीण आहे, तिला दुखवायचं नाही. काय करावं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

ताई, तुम्ही आम्हाला पत्र लिहिलंत, इतक्या मोकळेपणानं विचारलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मीही तुम्हाला मोकळेपणानं सांगते. यातली बहुतेक कार्टून चर्च किंवा ख्रिस्ती संस्था बनवतात आणि मुलांना विश्वास सांगण्यासाठीच बनवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते माहीत असलं पाहिजे. नुसती नैतिक गोष्ट आहे हो, असं कोणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही. मगाशी ज्या व्हेजीटेल्सबद्दल लिहिलं ते २००६ मध्ये अमेरिकेत एनबीसी या मोठ्या चॅनेलवर लागलं तेव्हा चॅनेलनं देवाचे उल्लेख आणि बायबलची वचनं काढायला लावली होती, आणि त्यावर बराच गदारोळ झाला, कारण ते काढल्यावर गोष्ट तीच राहते का हा प्रश्न लोकांना पडला. म्हणून तुमचे सासरे जे म्हणतात त्यात मला राग येण्यासारखं काही दिसत नाही. माझी नात दुसऱ्याच्या घरी दुसऱ्या धर्माचं काही रोज बघत असती तर मीही विचारलं असतं. आपलं मूल काय बघतं हे ठरवायचा हक्क आईबापाचा, शेजारणीचा नाही आणि माझाही नाही.

पण मैत्रिणीशी बोला, परस्पर बंद करू नका. तिच्याकडं चहाला जा आणि म्हणा, आमच्या घरी असं असं झालंय, तर एकदा मी सोबत बसून बघते. बसा, बघा, मग ठरवा.

आणि शोमरोन्याच्या गोष्टीचं सांगायचंच आहे मला, कारण कार्टूनवाले इथंही फार घाई करतात. ते सांगतात, मदत करावी. तेवढंच असतं तर त्यात नवल काय होतं. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यानपिढ्याचं वैर, एकमेकांशी संबंध ठेवायचे नाहीत. यरुशलेमहून यरीहोकडं जाणाऱ्या वाटेवर लुटलेला माणूस पडलाय, त्याला टाळून जे दोघं निघून गेले, याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारे, ते ऐकणाऱ्यांच्याच समाजातले मानाचे लोक. आणि जखमा बांधणारा, स्वतःच्या जनावरावर बसवून नेणारा, खानावळवाल्याला दोन दीनार देणारा परका. म्हणजे येशू आपल्याच लोकांना आरसा दाखवतोय. ही गोष्ट वाचताना दरवेळी मला, एका ख्रिस्ती बाईला, आधी स्वतःकडं बघावं लागतं. तुमच्या मुलीनं ती जेवताना सांगितली, तर तिला एवढंच विचारा, ते पहिले दोघं का गेले असतील निघून? बघा काय सांगते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी "केवढे हे क्रौर्य" ही त्यांची कविता सगळ्या जातिधर्मांच्या मराठी पोरांनी शाळेत पाठ केली. घायाळ पाखरू मरताना आपल्या पिल्लांची काळजी करतं, बस. दया करावी असं सांगायला कवी कुठं मध्ये येत नाही. सासऱ्यांनाही ती पाठ असेल, विचारून बघा की.

प्रश्न : माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा, बायबलचं गाणं लावल्याशिवाय घास घेत नाही. देवाचंच आहे ना, मग चालेल का? (होटगी रोड)

नाही चालणार. देवाचं असलं तरी स्क्रीन ती स्क्रीनच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, फक्त नातेवाइकांशी कधीतरी व्हिडिओ कॉल चालेल, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जेवताना तर नकोच. ऑटोप्ले बंद करा, कारण एक गोष्ट संपली की पुढं काय लागेल ते तुम्ही ठरवत नाही. तेच गाणं तुम्ही स्वतः म्हणा, सूर लागला नाही तरी चालतं, पोराला आईचाच आवाज पाहिजे असतो. दोन-चार दिवस रडेल, भाकरी भिरकावेल, मग खाईल.

प्रश्न : मावशी, आमच्या मंडळीत या वर्षी उन्हाळी बायबल शिबिराची जबाबदारी माझ्यावर आहे. पाच दिवस, साधारण साठ मुलं, घरात कोणी तेलुगू बोलतं, कोणी कन्नड, मराठी सगळ्यांना येतं. प्रोजेक्टर मिळालाय. विषय योना. व्हिडिओ लावला की पोरं गप्प बसतात पण बंद केला की काहीच बोलत नाहीत, "आज्ञा पाळावी" एवढंच म्हणतात. (तरुण शिक्षक, अक्कलकोट रोड)

बाळा, तुझं पत्र वाचून मला माझं शिबीर आठवलं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी भाषेचं. मराठीत डब केलेले जे व्हिडिओ मिळतात त्यात बऱ्याचदा जुन्या बायबलची भाषा असते आणि ती भराभर बोलतात, पोरांना चित्रं कळतात, शब्द निसटतात. म्हणून आवाज बंद करून चित्रं लाव आणि तू सांग, आपल्या बोलीत, मध्ये एखादा तेलुगू शब्द, एखादा कन्नड शब्द घाल, जी पोरं कधी तोंड उघडत नाहीत ती हसतील आणि बोलायला लागतील. देवानं योनाला निनवे शहरात जा म्हटलं, तो उलटा पळाला आणि माशानं त्याला गिळलं, म्हणून योनाच्या व्हिडिओत मासाच जास्त असतो. बायबलमध्ये चार अध्याय आहेत आणि मासा येतो पहिल्याच्या शेवटी आणि दुसऱ्यात, तीन दिवस तीन रात्री, झालं. पुढचे दोन अध्याय निनवेचे आहेत, आणि चौथा अध्याय तर बहुतेक कार्टून गुंडाळूनच टाकतात, कारण त्यात हिरो रुसून बसलाय. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवानं माफ केलं, आणि योनाला त्याचाच राग आलाय. हे दाखवणं अवघड असतं ना.

एका वर्षी आमचं शिबीर चालू असताना ऐन मे महिन्यात लाईट गेली. योनाचा शेवटचा दिवस, व्हिडिओ अर्ध्यावर, हॉलमध्ये बसवेना. आम्ही सतरंज्या उचलल्या आणि बाहेर लिंबाखाली बसलो. मी चौथा अध्याय वाचायला घेतला. योना गावाबाहेर बसलाय, देवानं त्याच्यावर वेल वाढवला, सावली झाली, त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे किडा लागला, वेल सुकला, गरम वारा सुटला, ऊन डोक्यात गेलं. आणि वाचता वाचता आमच्या लिंबाची सावली सरकली, कडेची चार-पाच पोरं उन्हात आली आणि आत सरकायला लागली, आतली जागा देईनात, ढकलाढकली सुरू झाली. मी म्हटलं थांबा, आता सांगा योनाला कसं वाटलं असेल? सव्वीस वर्षांत इतके हात एकदम वर गेलेले मी बघितले नाहीत.

मग मी विचारलं, निनवेला माफ करायला पाहिजे होतं का? एक मुलगी म्हणाली हो, त्यांनी सॉरी म्हटलं ना. तर मागून एक पोरगा उठला, म्हणाला सॉरी म्हटलं म्हणजे झालं का मावशी, यानं माझी बॅट मोडली आणि सॉरी म्हटलं, बॅट आली का परत? सगळ्या पोरांनी त्या दुसऱ्या पोराकडं बघितलं. तो खाली बघत बसला, कानापर्यंत लाल झाला. मला एकदम वाटलं की काहीतरी बोलावं, माफ करावं, प्रेम करावं, असलं काहीतरी. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं आणि शेवटचं वचन वाचलं. देव योनाला विचारतो की ज्या वेलासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याचं तुला वाईट वाटतं, मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं जिथं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्या निनवेचं मला वाईट वाटू नये का? पोरांना आकडा कळेना तर म्हटलं गड्ड्याच्या यात्रेची गर्दी आठवा. आणि पुस्तक तिथंच संपतं, प्रश्नावर. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. पोरं म्हणाली पुढचं पान वाचा, मी पान उलटून दाखवलं, पुढं मीखा हे दुसरंच पुस्तक सुरू होतं.

बॅटवाला पोरगा त्या दिवशी काहीच बोलला नाही. पुढच्या रविवारी दोघं वेगवेगळेच आले, त्याच्या पुढच्या रविवारी एका सायकलवरून आले. मी विचारलं नाही काय झालं ते.

तर तुझं असं कर. वेळ सकाळी साडेसात ते दहाच ठेव, त्यानंतर पोरांना घरी सोड, ऊन फार आहे. माठ दोन ठेव. पहिले चार दिवस प्रोजेक्टर वापर, पण दहा मिनिटांच्या वर एकावेळी नको, आणि पडद्यावर "आज आपण काय शिकलो" हे वाक्य यायच्या आधी बंद कर, कुठल्या सेकंदाला ते येतं ते आदल्या रात्री बघून कागदावर लिहून ठेव. मग वर्गाप्रमाणं पोरांचे गट कर, प्रत्येक गटाला एक मोठी ताई किंवा दादा दे, त्यांना सांग की उत्तर द्यायचं नाही, ऐकायचं. चौथा अध्याय पाचव्या दिवसासाठी राख, त्या दिवशी पडदा लावूच नको. तुमच्या आवारात झाड आहे का ते तेवढं आधी बघून ये, आणि नऊच्या सुमाराला त्याची सावली कुठं जाते तेही.